‘मामा’ नावाच्या फॉन्टविषयी, खुद्द मामाकडून

चिरंजीव भाच्यास,

मामाचे आशीर्वाद, पण जरा हात आखडूनच. तुझी प्रकृती बरी असेल, चष्म्याचा नंबर तिथेच थांबला असेल आणि तू वेळेवर जेवत असशील असं मी धरून चालतो. कारण विचारावं तर तू ‘हो’ म्हणणार, तुझी आई ‘कसलं जेवतोय’ म्हणणार, आणि दोघांत खोटं कोण हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडणार. माझी तब्येत ठणठणीत आहे, रक्तदाब सोडला तर. तो तू वाढवला आहेस.

आधी हिशेब करू. “मामा, तुला काही खर्च नाही, फक्त अक्षरं काढून दे,” असं तू म्हणाला होतास. त्या बिनखर्ची अक्षरांपायी आजवर माझं काय काय गेलं ते ऐक. दुपारची झोप गेली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं बोलणं गेलं (हे एरवी नफ्यात धरलं असतं, पण बोलणं बंद झाल्यापासून त्यांचे ओले कपडे आमच्या खिडकीवर दुप्पट ठिबकतात). माझ्या स्वतःच्या घरात माझ्या शब्दाला जी काय थोडीफार किंमत होती, ती गेली. आणि समोरच्या शिंपीमास्तरबरोबरचा चार वाजताचा चहा मध्यंतरी गेला, जो माझ्या दुकानाइतकाच जुना आहे. चहाचं काय एवढं, असं म्हणू नकोस. माणसाला नातेवाईक जन्मानं मिळतात, गिऱ्हाइकं नशिबानं मिळतात, पण रोज चार वाजता आपण होऊन दुसरा ग्लास मागवणारा माणूस कमवावा लागतो.

सुरुवात कशी झाली ते तू विसरला असशील, म्हणून सांगतो. तू सुट्टीला आलास तो चौकटी छापलेल्या कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन. एका चौकटीत एक अक्षर. ते संपलं तर जोडाक्षरं, ती संपली तर आकडे, आणि मध्येच कुठेतरी ‘ङ’, जो मी उभ्या आयुष्यात एकाही पाटीवर काढलेला नाही, कारण ङ वरून नाव सुरू होणारं दुकान अजून कुणी थाटलेलं नाही. मी दुकानातल्या टेबलावर चहा पीत पीत लिहीत गेलो आणि तू शेजारी बसून ‘वा मामा, वा’ करत गेलास. ‘वा’ म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक समजू नये, हा धंद्यातला पहिला धडा. तो मी घरचं माणूस म्हणून विसरलो. मग पुढच्या वर्षी तुझं पार्सल आलं. त्यात एक कप, त्यावर माझ्याच अक्षरात ‘मामा’, आणि सोबत चकचकीत कागद: “‘मामा’, एक खेळकर, मनमोकळं, हातानं लिहिल्यासारखं अक्षर. कॅफे, बालवाड्या, वाढदिवस आणि दिलखुलास पोस्टरांसाठी.” हातानं लिहिल्यासारखं म्हणजे काय रे? ते हातानंच लिहिलं होतं. ‘सारखं’ तू केलंस.

पण खोटं कशाला बोलू, तेव्हा माझी छाती फुगली होती. कप घेऊन मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलो (रिकामा कप घेऊन हिंडणाऱ्या माणसाला लोक साखर देऊ करतात, हे त्या दिवशी कळलं). ज्याला त्याला सांगितलं की बाबांनो, हे अक्षर कुणी शिकवून येत नसतं. उस्तादांच्या हाताखाली होतो तोवर माझं अक्षर इतरांसारखंच, खाली मान घालून सरळ चालणारं. मी स्वतःचं दुकान थाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाचायला लागलं. चाकरी सुटली की हातसुद्धा मोकळा होतो. शिरोरेषा वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी झुलायला लागली, वेलांट्या कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीसारख्या वर आल्या, ‘क’ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लोकांना ते आवडलं. या गल्लीतल्या निम्म्या पाट्या माझ्या, आणि उरलेल्या निम्म्या माझ्यासारख्या काढायला जाऊन फसलेल्या. हे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, पाव आणायला गेलो तिथे सांगितलं, आणि शिंपीमास्तरला तर रोज चार वाजता सांगितलं. तो बिचारा काजं करता करता ‘हूं’ म्हणायचा.

मग तुझा मामा, म्हणजे माझ्या अक्षरांचा तू केलेला फॉन्ट, घराबाहेर पडला. पहिल्यांदा तो दाताच्या डॉक्टरच्या दारावर दिसला: “घाबरू नका, अजिबात दुखणार नाही!” दुखल्यावर लोक कुठे आले असतील? माझ्याकडे. गाल धरून आले. गल्लीत सगळे माझं अक्षर ओळखतात. पाटी रंगवणारा आणि दाढ उपटणारा यांत फरक करण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी कुणी नसतं. मी दुपारी आडवा झालो की कुणीतरी शटर वाजवतं आणि सुजलेल्या तोंडानं विचारतं, “असं लिहायला तुम्हाला काही वाटलं कसं नाही?” त्यानंतर आमच्या जिन्यात नोटीस लागली: “वरून पाणी ठिबकवणाऱ्यांनी खालच्यांचाही विचार करावा.” ती सोसायटीच्या सेक्रेटरीनं कॉम्प्युटरवर काढलेली, पण वरच्या वहिनींनी ती वाचली, माझं अक्षर ओळखलं आणि खाली येऊन तुझ्या मामीला बरंच काही ऐकवलं. मी शपथेवर सांगितलं की मी ते लिहिलेलं नाही. मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अक्षर तुमचं, विचारही तुमचेच. आता नाही कशाला म्हणताय?” यावर नवऱ्यानं काय बोलावं असं तुझं म्हणणं आहे? तुझं लग्न व्हायचंय म्हणून मुद्दाम विचारतो.

हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं पुढे आहे.

शिंपीमास्तरचे थोरले बंधू गेले. तू त्यांना पाहिलं आहेस. शाळा तपासनीस होते, आणि निवृत्तीनंतरही जे दिसेल ते तपासत. एकदा माझ्या दुकानासमोर छत्री टेकून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “तुमची अक्षरं थोडी घेऊन आल्यासारखी दिसतात.” मी हसलो, मास्तरही हसला, ते हसले नाहीत, कारण ते विनोद म्हणून बोलले नव्हते. असे सरळ माणूस. मास्तरला त्यांनीच शिकवलं, त्यांनीच पहिलं मशीन घेऊन दिलं. ते गेले तेव्हा मास्तरनं दोन दिवस दुकान उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा शिवायला न घेता नुसता बसून राहिला. रविवारी शोकसभा ठरली. तिची नोटीस काढायचं काम मास्तरच्या जावयानं अंगावर घेतलं. जावई चांगला मुलगा आहे, ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. गुरुवारी सकाळी मी दुकान उघडतो तर समोरच्या खांबावर, कोपऱ्यावर, वाचनालयाच्या दारावर एकच कागद.

“दुःखद निधन,” आणि ते नाचतंय.

तू ते पाहायला हवं होतंस. ‘दुःखद’मधले दोन ठिपके एक मोठा, एक छोटा, त्यातही एक जरा वर, डोळा मारल्यासारखे. ‘शोकसभा’मधला ‘श’ एक पाय उचलून उभा, ‘भ’ मान वाकडी करून शेजारच्याकडे बघतोय. खाली थोरल्यांचा फोटो, जन्मात कधी न हसलेला, आणि भोवती अक्षरांची अशी वरात. रस्त्यातला एक अनोळखी माणूस ते वाचून मला म्हणाला की म्हातारा फार खुशमिजाज असावा.

त्या दिवशी चार वाजता चहावाला आला. तुला ठाऊक आहे, माझे कान तिखट आहेत. पाटीवर ब्रश कोरडा पडायला लागला की मला तो दिसायच्या आधी ऐकू येतो. मास्तरच्या दुकानात ट्रे ठेवल्याचा आवाज आला. त्यावर एकच ग्लास वाजला. मागोमाग कात्री. मास्तर रंगात असला की त्याची कात्री कापडातून सळसळत जाते; त्या दिवशी ती अंतर ठेवून, कडक, एकेक घास तोडल्यासारखी चालत होती. मी रस्ता ओलांडला. उंबऱ्यात उभा राहिलो. आजवर मला ‘तू’ आणि ‘पेंटर’ यापलीकडे काही न म्हणालेला माणूस मान वर करून म्हणाला, “आपलं काही काम होतं का?”

भाच्या, मला आयुष्यात लोकांनी बऱ्याच शिव्या दिल्या आहेत. काही तर मीच त्यांना पाटीवर रंगवून दिल्या. पण ‘आपलं’ इतकं कुठलीच लागली नाही.

झालं होतं असं. मास्तरनं जावयाला विचारलं, हे कुणी लिहिलं? जावई म्हणाला, समोरच्या काकांचं अक्षर आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते इतकं बसलं. मास्तर मला म्हणाला, “दादांना आपलं अक्षर आवडत नव्हतं, मला माहीत आहे. पण ते गेल्यावर आपण असं नाचून दाखवाल, असं वाटलं नव्हतं.” मी त्याला फॉन्ट समजावून सांगू लागलो. मास्तर, हे अक्षर माझं आहे, पण मी ते लिहिलेलं नाही. (हे वाक्य तू मोठ्यानं म्हणून बघ. माझ्या बाजूनं साक्ष देणारा माणूससुद्धा इथे उठून गेला असता.) मास्तरनं विचार केला आणि विचारलं, म्हणजे कापड आपलं, पण अंगात दुसऱ्याच्या? मी म्हटलं, अगदी तसंच. तर तो म्हणाला, मग उसवून घ्या. आता हे तुझ्या क्षेत्रातलं. फॉन्ट उसवतात का?

शुक्रवारी मला एक कल्पना सुचली. चांगली वाटली, तिथेच सावध व्हायला हवं होतं. म्हटलं, मास्तरच्या डोळ्यांदेखत हातानं लिहून दाखवावं, म्हणजे खरा मी आणि तुझा मामा यांतला फरक त्याला दिसेल. माणूस दुःखात असताना मी गंभीरच लिहिणार. तेवढी अक्कल मशीनला कुठली. हातापाया पडून त्याला दुकानात आणला. तो गळ्यात टेप अडकवून दारातच उभा राहिला. मी टेबलावर कोरा कार्डबोर्ड मांडला, काळा रंग घेतला, मन आवरलं, थोरल्यांचा चेहरा आठवला आणि ‘शोकसभा’ लिहिलं. खरं सांगतो, इतक्या जड मनानं मी एक अक्षरही कधी काढलं नव्हतं.

‘श’नं पाय उचलला. ‘भ’नं मान वाकडी केली.

मी पुन्हा लिहिलं. अधिकच नाचलं. हात जितका दाबून धरावा तितकी शिरोरेषा जास्त झुलते. मास्तरनं गळ्यातली टेप काढली, माझ्या ‘श’ची उंची घेतली, तिरकेपणा घेतला, खिशातून नोटीस काढून त्यावरच्या ‘श’चाही घेतला. जसा तो गिऱ्हाइकाचा खांदा घेतो, तसा, दोनदा. मग टेप गुंडाळत म्हणाला, “माप एकच आहे,” आणि निघून गेला. मी माझ्याच हातानं, माझ्याच दुकानात, माझ्याविरुद्ध पुरावा तयार करून दिला होता. तुझी मामी मागच्या खोलीच्या दारातून हे बघत होती. तिनं टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. तिच्याकडून हे फार झालं.

शनिवारी सकाळी मी शटर वर करतोय तर मास्तर रस्ता ओलांडून येताना दिसला. त्यानं जावयाला रात्री पुन्हा नीट विचारलं होतं. जावयानं सगळं सांगितलं: फॉन्टच्या खाली ‘मनमोकळं, दिलखुलास’ असं लिहिलेलं त्यानं वाचलं आणि त्याला वाटलं, शोकसभेला मनापासूनचंच हवं. (बघ, तुझ्या जाहिरातीचा एक तरी शब्द कुणीतरी खरा मानला.) चूक कळल्यावर तो दुसरा फॉन्ट काढून आणणार होता, त्याच्या अनुस्वारांच्या जागी बदाम होते. जावयाला कोण काय बोलणार? आणि सभा दुसऱ्या दिवशी. मास्तर माझ्यासमोर उभा राहिला, माफी मागायची तर ती त्याला जमत नाही आणि मला घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक. शेवटी म्हणाला, “ये. माझ्या टेबलावर लिही. मी समोर उभा राहतो.”

‘ये’ म्हणाला रे. मी ब्रश घेतला आणि चप्पल न घालताच गेलो.

त्यानं कापड बेतायचं टेबल रिकामं केलं, टाचण्या वेचल्या, खडूच्या रेघा पुसल्या. मी कार्डबोर्ड ठेवला. कालचा अनुभव गाठीशी होता. मास्तर समोर, टेप गळ्यात. मी थोरल्यांचं नाव लिहायला घेतलं, आणि भाच्या, अक्षर उभं राहिलं. सरळ. शिरोरेषा दोरा धरून मारल्यासारखी. ‘शोकसभा’मधल्या ‘श’चे दोन्ही पाय जमिनीवर, कुणी कुणाकडे बघेना, सगळे मान खाली घालून ओळीत उभे. मी एकामागून एक पाट्या लिहीत गेलो आणि एकही अक्षर हललं नाही. मला माझाच हात ओळखू येईना. मास्तरनं टेप काढली नाही. शेवटची पाटी वाळायला ठेवत म्हणाला, “दादा असते तर काही बोलले नसते.” ज्या माणसानं सगळ्यांना काही ना काही ऐकवलं, त्याच्याकडून याहून मोठी पावती नाही. मग आम्ही दोघांनी जाऊन जुने कागद उतरवले, नव्या पाट्या लावल्या, आणि परत येताना त्यानं चहावाल्याला दोन बोटं दाखवली.

आता हे सगळं तुला का लिहितोय ते नीट समजून घे. तुझा मामा लग्नातही नाचणार, मयतालाही नाचणार आणि कर्जाच्या नोटिशीवरही नाचणार, कारण त्याला कुठे उभं आहोत ते कळत नाही. हाताला कळतं. त्या टेबलाशी उभा असताना माझ्या हाताला आपोआप कळलं की इथे गंमत नको. मी सरळ लिहायचं ठरवलं नव्हतं. दुःखाच्या भारानं अक्षर आपणहून सरळ झालं. हा खऱ्या हाताचा आणि ‘हातानं लिहिल्यासारख्या’चा फरक, तो चौकटीच्या कागदावर मावत नाही. मी हे आता सगळ्यांना सांगतो. मास्तर काजं करता करता ‘हूं’ म्हणतो. तेव्हा तो फॉन्ट ताबडतोब मागे घे, जिथे जिथे विकला असेल तिथून परत बोलव, आणि यापुढे कुणाही नातेवाइकाला चौकटीचे कागद देऊ नकोस.

तुझ्या आईला नमस्कार सांग, आणि हे पत्र तिला वाचायला देऊ नकोस. तिला मास्तरच्या जावयाचं वाईट वाटेल आणि माझं वाटणार नाही.

तुझा,
मामा (मूळचा)

ता. क. फॉन्ट इतक्यात मागे घेऊ नकोस. वरचं मी रागात लिहिलं आहे, आणि खाडाखोड केली तर मामी विचारते काय खोडलं.

ता. क. दुसरा. एक काम होतं, खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो होतो. मंगळवारी बेकरीवाल्या बाईंनी वाढदिवसाच्या केकची पाटी सांगितली, “तुमची नेहमीची, नाचरी.” मी लिहून दिली. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं?” कालपासून बालवाडीच्या बाईही तगादा लावून आहेत. हातातून एकच एक सरळ अक्षर येतंय, कितीही आनंदी राहून पाहिलं तरी. तेव्हा तो फॉन्ट मला पाठव, आणि तो कॉम्प्युटरमध्ये कसा घालायचा ते मामीला फोनवर सांग. माझ्याच नावाची वस्तू मला विकत घ्यायला लावू नकोस. आणि मास्तरच्या जावयाला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी मामीनं हे पत्र वाचलं. ती म्हणते, दुःखाचा भार वगैरे लिहिलंत ते लिहिलंत, पण मुलाला पुढचंही सांगा, त्याच्या धंद्याच्या कामाचं आहे. म्हणून सांगतो. दुकान थाटलं तेव्हा मी जे जुनं टेबल घेतलं, त्याचा एक पाय पहिल्यापासून बोटभर आखूड होता आणि ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याला ते डुलायचं. शनिवारी मी मास्तरकडे असताना मामीनं सुताराला बोलावून उरलेले तीन पायही बोटभर कापून घेतले.